कालची गोळी

जमनामावशीला हळू बोलता येत नसे. आमच्या इमारतीच्या फाटकाशी तिने "बोंबील, मांदेली, ताजी हाय गो" अशी हाळी दिली की तिसऱ्या मजल्यावर माझ्या हातातलं काम थांबायचं आणि तळमजल्यावरचे शाकाहारी शेजारी खटाखट खिडक्या लावून घ्यायचे. ती त्यांनाही सोडत नसे. "खिरकी लावून वास थांबला तर मी धंदा सोरीन," असं त्या बंद खिडकीला ऐकवून मग जिना चढायची. अशा बाईच्या पोटात बोईसर-सरावलीतल्या कितीतरी पोरींची गुपितं राहिली, हे सांगून कुणाला पटणार नाही.

तिचं गाव तारापूरच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. नवरा बोटीवर असतानाच गेला. मुलगा नरेश आता तीच बोट चालवतो. नवरा गेल्यावर गावातल्या बायकांनी तिच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, पण केसांतला, नवऱ्याच्या आवडीचा अबोलीचा गजरा मात्र तिने उतरवू दिला नाही. "त्याला आवरायचा, म्हणून घालते," एवढंच म्हणायची. साठी आली तरी चेहरा काळाभोर आणि तुकतुकीत होता. पाटी डोक्यावर घेऊन चालताना तिचा एक हात मोकळा झुलायचा, आणि त्या हाताने ती रस्त्यातल्या रिक्षावाल्यांना, कुत्र्यांना आणि नगरसेवकांना सारख्याच तऱ्हेने बाजूला सारायची.

वजनकाटा तिने कधी ठेवला नाही. ती वाटे लावायची. वाट्याबद्दल कुणी कुरकुर केली, तर भर घालायचं राहिलं बाजूला, उलट त्यातलाच एक मासा उचलून पाटीत परत टाकायची. "आता कर कुरकुर," म्हणायची. मी एकदाच कुरकुर केली. त्यानंतर वीस वर्षं मिळेल तो वाटा गुमान घेतला. माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ती मासे साफ करून द्यायची, चहा प्यायची आणि मी शाळेत शिकवते म्हणून मला "मास्तरीण" म्हणायची. तिच्या लेखी मी एक बऱ्यापैकी निरुपयोगी बाई होते, पण चहा चांगला करत असे.

गोळीचं प्रकरण सुरू झालं ते सरावलीच्या चाळींत. कारखान्यांत काम करणाऱ्या परप्रांतीय लोकांच्या खोल्या तिथे ओळीने आहेत आणि मावशीचं निम्मं गिऱ्हाईक तिथलं. एक दिवस एक शाळकरी पोरगी नळाशी रडत उभी होती. मावशीने कारण विचारलं. पोरीने हिंदीत काहीबाही सांगितलं. त्यातलं "कल" आणि "गोली" एवढंच मावशीला नीट समजलं, पण बाकीचं तिला चेहऱ्यावरून समजलं. ती तडक कोपऱ्यावरच्या मेडिकलात गेली आणि चारचौघांत ओरडली, "कालची गोली दे."

"कालची म्हणजे?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

"काल झाला, त्याची."

त्याला कळलं. तो हसला आणि म्हणाला, "मावशी, या वयात?"

"वय तुझ्या बापाला विचार. गोली दे."

तेव्हापासून ते मेडिकल काय आणि मावशी काय, त्या गोळीला दुसरं नावच उरलं नाही. चाळीतल्या पोरींमध्ये बातमी फिरली. मेडिकलवाला पोरीकडे वरून खालपर्यंत बघतो, आवाज चढवून मुद्दाम दोनदा विचारतो, आईबापांना ओळखतो. मावशीला मात्र कुणी काही विचारत नाही. मग पोरी तिच्या पाटीशी येऊन बसू लागल्या. मासे बघितल्यासारखं करायच्या आणि खालच्या आवाजात सांगायच्या. मावशी कुणालाही नाव विचारत नसे. सगळ्या पोरी तिच्यासाठी "मांदेली".

तिचे नियम होते. गोळी पोरीने तिच्यासमोर गिळायची, तिच्याच बाटलीतल्या पाण्याने. मग पाठीत एक धपाटा. मग प्रश्न: "तो कुठे हाय? मेडिकलवर जावाला त्याचे पाय मोरले काय?" या प्रश्नाचं उत्तर तिला कधी मिळालं नाही. पोरगी दुसऱ्यांदा आली तर गोळी द्यायची, पण आधी माझ्याकडे पाठवायची. "मास्तरणीला विचार. ही रोज खावाची गोली नाय." मी मला ठाऊक होतं तेवढं सांगत असे: ही वेळ निभावण्यापुरती आहे, जितकी लवकर घ्याल तितकी बरी, तीन दिवसांच्या आत. मावशी हे ऐकून मान डोलवायची आणि वर स्वतःचं घालायची, की गोळीवर कोळंबी आणि आंबट खायचं नाही. हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणायची, "मना वाटते." यावर आमची नेहमी भांडणं व्हायची.

गेल्या वर्षी वारं फिरलं. जवळच्याच एका गावात एका बापाला मुलीच्या दप्तरात गोळीचं रिकामं पाकीट सापडलं, आणि तो ते घेऊन पोलीस ठाण्यात गेला. मेडिकलवाल्याला बोलावून दोन तास बसवून ठेवलं. गुन्हा काही दाखल झाला नाही, होण्यासारखा नव्हताही, कारण ती गोळी चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याची आडकाठी नाही. पण दोन तास पुरले. सगळ्या मेडिकलवाल्यांचे धाबे दणाणले. मग पुढाऱ्यांना विषय मिळाला, आणि बोईसरच्या एका हॉलमध्ये सभा झाली. आम्हा शिक्षकांना सक्तीने पाठवलं होतं. व्यासपीठावर एक पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, एक निवृत्त हेडमास्तर आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलचे मालक प्रकाशशेठ. बाई एकच, पुष्पगुच्छ द्यायला उभी केलेली.

भाऊ म्हणाले, कायदा काही म्हणो, गोळी अशी खुली मिळाली की मुली बिघडतात. टाळ्या पडल्या. ठरलं असं, की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळी द्यायची नाही, आणि कुणी फारच आग्रह धरला तर आधार कार्डावर वय बघायचं.

मावशी दाराशी पाटी ठेवून ऐकत होती. ती मागूनच बोलली. तिला माईक लागला नाही.

"पोरगी तुमच्याकडं येते तवा काय मागते? पोर नको, येवराच मागते ना? मग तुमाला काय पायजे? पोर?"

सभा हसली. भाऊ म्हणाले, "मावशी, हा मासळीबाजार नाही."

"मासलीबाजारात सरलेला, वास मारनारा माल आमी उचलून फेकतो," मावशी म्हणाली. "डॉक्टरकरं जा म्हणता. पोरगी लहान हाय म्हणून डॉक्टर पोलिसाला सांगल. पोलिस बापाला सांगल. बाप काय करल ते तुमाला ठाव हाय, तुमीबी बापच हाव."

तिला दोघांनी बाहेर नेलं. मी बसून राहिले होते, टाळ्या न वाजवणं एवढंच काय ते मला जमलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मेडिकलांमधली गोळी फळीवरून उतरून खणात गेली. ओळखीच्या पुरुषांना ती खणातून मिळत राहिली, हे सांगायला नकोच.

आता रोशनीबद्दल. ती सरावलीच्या चाळीतली, बारावीची मुलगी. बाप रंगाच्या कारखान्यात. हुशार होती, बारावी करून नर्सिंगला जायचं तिच्या मनात होतं, आणि आईही तिच्या बाजूने होती. शेजारच्या खोलीतल्या मुलावर तिचा जीव जडला. तोही तिच्याच वयाचा, अठरा न भरलेला. घडायचं ते घडलं, आणि दुसऱ्या दिवशी ती पोरगी धीर करून प्रकाशशेठच्या काउंटरवर गेली. त्यांनी आधार कार्ड मागितलं आणि बापाचं नाव विचारलं. ती पळत सुटली. मुलगा मेडिकलची पायरीही चढला नाही. मग ती मावशीची वाट बघत बसली.

आणि नेमका तेव्हा भांग होता. बोंबलाची जाळी पाण्याच्या ओढीवर चालतात. अमावास्या-पुनवेला उधाण, तेव्हा जाळी भरतात. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याची ओढ मरते, होड्या किनाऱ्यावर आणि मावशी घरी. उभा जन्म तिने याच हिशेबाने काढला होता. बोईसरच्या गिऱ्हाइकांना तिथी कळत नसल्या तरी मधे काही दिवस मावशी दिसत नाही एवढं माहीत होतं. पोरींची अडचण उधाण बघून येत नाही, हे तिच्या कधी डोक्यात आलं नाही. मोबाईल होता, पण खाऱ्या पाण्याने बिघडेल म्हणून तो बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. रोशनी रोज कॉलेजला जायच्या आधी आणि आल्यावर नळाच्या कोपऱ्यावर उभी राहायची. मावशी आली ती पाण्याला ओढ आल्यावर, तीन दिवस उलटून गेले तेव्हा.

त्या दिवशी प्रकाशशेठच्या मेडिकलात मी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला उभी होते. दुकानात गर्दी होती. मावशी पाटीसकट आत शिरली.

"कालची गोली दे."

"मावशी, ते बंद झालंय. डॉक्टरची चिठ्ठी आणा. आणि कुणासाठी हवी आहे?"

"मना."

लोक हसले. मावशीने कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढून काचेवर आपटलं. "वय बघ. अठराच्या वर हाय ना? तुमचाच नियम हाय. दे."

"अहो, पण तुम्हाला कशाला लागते आता?"

"गरी हाय माझा," मावशी म्हणाली. "काल आलता. नाव सांगू? तुझ्या वलखीचा हाय."

प्रकाशशेठने खण उघडला आणि पाकीट तिच्या हातात कोंबलं. त्या गोळीचं साठीच्या बाईला काम काय, एवढा साधा विचार त्या दुकानात कुणी केला नाही. जमनाचा गडी आहे, एवढंच सगळ्यांनी ऐकलं. गोळी कुणा पोरीसाठी आहे हे मी ओळखलं. मी तिच्यामागे बाहेर धावले, पण ती सरावलीच्या दिशेने इतक्या झपाझप गेली, की पाटीतलं पाणी रस्त्यावर सांडत होतं.

बातमी तिच्या आधी गावी पोचली. दुकानात तिच्या सुनेच्या माहेरचं कुणीतरी होतं. देवळासमोर समाजाची बैठक बसली आणि तिला उभं करून गड्याचं नाव विचारलं. ती म्हणाली, "मेला तो." त्यापुढे तोंड उघडलं नाही. गजरा घालते तेव्हाच कळायला हवं होतं, असं बायका म्हणू लागल्या. बोंबील सुकवायच्या मांडवावर तिच्या शेजारची जागा कुणी घेईना. नरेशने आपल्या बोटीची मासळी आईला देणं बंद केलं. सख्ख्या मुलाची बोट समोर लागलेली असताना ही दुसऱ्यांच्या बोटींपाशी उभी राहून माल घ्यायची. हे सगळं तिने मला उंबऱ्याशी बसून, बोंबलांची डोकी उडवत सांगितलं. मला इतका संताप आला की चहा उतू गेला.

"मी येते तुझ्या गावी," मी म्हटलं. "मी सांगते त्यांना खरं काय ते."

"खरा सांगशील तर ते पोरीचा नाव विचारतील."

"मग मला सांगायचं होतंस. मी आणली असती गोळी. माझंही आधार कार्ड आहे."

ती हसली. "तू मास्तरीण. तुला उद्या शालेत जावाचा हाय. मना काय, मासलीच विकाची." मग हात धुतले, गजरा चाचपला आणि पाटी उचलली. नरेशला मात्र खरं सांगावं असं तिला फार वाटत होतं. पण तो सरळ माणूस, रागाच्या भरात चार लोकांत बोलून जाईल, म्हणून त्यालाही नाही.

त्यानंतर ती आमच्याकडे कमी येऊ लागली. एक दिवस मासे न घेता रिकाम्या हातांनी आली आणि म्हणाली, "चल माझ्यासंगती. ठेसनावर."

रिक्षात तिने मला पहिल्यांदा रोशनीचं नाव सांगितलं. गोळीचा उपयोग झाला नव्हता. "उशीर झाला गो. भांग होता," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "भांगात मी येत नाय, हे त्या पोरीला काय ठाव?" पाळी चुकल्यावर रोशनी पुन्हा तिच्याकडे आली. मावशी तिला पालघरला एका डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली. बाई भली होती. ती म्हणाली, "मी तिला मोकळं करू शकते, पण तिचं वय बघता मला पोलिसांना कळवावं लागेल. नाव झाकायची सोय आहे म्हणतात. पण ठाण्यातून फोन आला तर मी किती टिकेन?" रोशनी खुर्चीवरून उठलीच. पोलीस चाळीत आले तर आधी त्या मुलाला नेतील आणि मग बाप तिला जिवंत ठेवणार नाही, असं तिचं म्हणणं. तो मुलगा तोवर वापीला काकाकडे पळून गेला होता. मावशी रोशनीचे पाय धरायला निघाली, पण पोरगी ऐकेना.

आणि आता बापाच्या कानावर त्या मुलाचं नाव गेलं होतं. फक्त नाव, बाकी काही नाही. तेवढ्यावर त्याने मुलीचं लग्न गावाकडे ठरवून टाकलं होतं. आज ती निघाली होती.

"आईला तरी सांगू या," मी म्हटलं. "आत्ता सांगू या. अजून वेळ आहे."

"मी म्हटला तिला, आयेला सांग. ती बोलली, सांगितलंस तर रुळावर जाईन." मावशीने माझा हात घट्ट धरला. "मास्तरीण, ती जाईल गो. मी तिचे डोले बघितले."

उत्तरेकडे जाणारी गाडी फलाटाला लागली होती. बाप पत्र्याच्या पेट्या आत ढकलत होता. रोशनी खिडकीशी बसली होती, नवा पिवळा पंजाबी ड्रेस, हातांवर मेंदी. कोवळा, झोप न झालेला चेहरा. आम्हाला बघून तिने नजर समोरच्या बाकावर लावली. आईने मात्र मावशीला लगेच ओळखलं. इतकी वर्षं तिच्याकडून बोंबील घेतले होते, निरोप द्यायला मासेवाली स्टेशनवर आली याचंच तिला भरून आलं.

"देखो मौसी, अपनी रोशनी की शादी है," ती खिडकीतून म्हणाली. "लड़का अच्छा है. खेती है."

"पढाई?" मावशीने विचारलं.

"अब क्या पढ़ाई, मौसी." आईने डोळे पुसले. तिलाही ते लागलं होतं. मग तिने मुलीचा खांदा धरून तिला खिडकीच्या गजांजवळ सरकवलं. "पैर तो छू नहीं सकती यहाँ से. सर पे हाथ रख दो. आशीर्वाद दो मौसी, जल्दी इसकी गोद भरे."

मावशीने गजांतून हात आत घातला आणि रोशनीच्या डोक्यावर ठेवला. बाप पेट्या लावून मागे येऊन उभा राहिला आणि या मासेवालीकडे आणि आपल्या मुलीकडे आळीपाळीने बघू लागला. त्याच्या कपाळावर आठी पडली. शिट्टी झाली.

"बोलो ना मौसी," आई म्हणाली.

रोशनीने तेव्हा वर पाहिलं. सरळ मावशीच्या डोळ्यांत.

"भरेगी," मावशी म्हणाली. "जल्दी भरेगी."

आई हसली. बाप वळून आपल्या जागेवर गेला. गाडी हलली तरी मावशीचा हात पोरीच्या केसांवरच होता. ती डब्याबरोबर चालू लागली, मग पळू लागली, आणि मला ओरडावं लागलं, मावशी, हात काढ, हात काढ.